बारकोडाशेजारची रेघ

इन्ह्यॉनदोंग, सोल
चुसॉकनंतरचा सोमवार

प्रिय युन-सिल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र गिरणीतल्या फळीवर तसंच ठेवून देशील, की हात पुसून लगेच फोडशील, मला सांगता येत नाही. तू गेलीस त्याला दोन वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज बसले ती वहीच पुढ्यात घेऊन. माझी सवय तुला ठाऊक आहे. मला कुणी मुळ्याची किमची कशी केली विचारलं, तर मी बाजारात गेले होते तिथपासून सुरू करते. आजही तसंच होणार. मधेच ठेवून देऊ नकोस एवढंच मागणं आहे.

आपली गल्ली आहे तशी आहे. तीन चाकांच्या गाड्या अजून कागदाचे गठ्ठे लादून माणसांच्या अंगावर येतात, आणि खालच्या छापखान्याचं मशीन सुरू झालं की आपल्या टेबलावरचा चहा अजून थरथरतो. माझा उजवा गुडघा जिना चढताना आता बोलतो, डावा अजून गप्प आहे. तुझ्या खुर्चीवर मी नमुन्यांचे कागद रचून ठेवलेत. मधे एक मुलगी ठेवली होती कामाला, हुशार होती, तीन महिन्यांत गेली. जाताना म्हणाली, तुम्ही सारख्या पाठीमागे येऊन उभ्या राहता, मानेला तुमचा श्वास लागतो. तू नऊ वर्षं तो श्वास कसा सोसलास, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात विचारलं.

तर झालं असं. ह्या वसंतात ग्वेसानहून एक बाई आल्या. प्यो माल-जा त्यांचं नाव, बासष्ट वर्षांच्या, हातात कापडात गुंडाळलेली बाटली. गावातल्या चौदा बायकांनी मिळून तिळाचं तेल काढायचा धंदा सुरू केलाय, त्याला लेबल हवं होतं. मी विचारलं, ग्वेसानहून इतक्या लांब माझ्याकडे कशा आलात. त्या म्हणाल्या, आमच्या बसस्टँडमागे मिरचीची गिरणी आहे, तिथे मालकाची बहीण बसते, डोळे कायम लाल, तिनं सांगितलं की लेबल करायचं तर इन्ह्यॉनदोंगच्या जॉम-रे मावशीकडेच जा, तसं काम दुसरं कुणी करत नाही. मी सातूचा चहा ओतत होते. ओतत राहिले, कप भरून खाली सांडला तरी. प्योबाईंना वाटलं म्हातारीचं लक्ष नाही.

लेबल सुरेख झालं होतं, हे मी स्वतःच सांगते. गडद तपकिरी जमीन, त्यावर तिळाचं पांढरं फूल, आणि खाली उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या पट्टीवर बारकोड. त्या चौदाजणींचं नशीबही जोरावर होतं. सोलमधल्या एका मोठ्या खाद्यवस्तूंच्या दुकानसाखळीनं त्यांचं तेल चुसॉकच्या सणातल्या भेटीच्या पेट्यांसाठी घेतलं. अट एकच, गोदामाच्या दारात प्रत्येक बाटली स्कॅनरखाली वाचली गेली पाहिजे. नाही वाचली तर अख्खा माल परत, आणि फळीवरची ती जागा दुसऱ्या कुणाची. सणाला तेरा दिवस होते तेव्हा माल गेला. गोदामवाल्यांनी नमुन्याच्या दोनशे बाटल्या काढल्या, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या मुक्या निघाल्या. स्कॅनर फिरवला की नुसता लाल उजेड, आवाज नाही. तिथला माणूस भला म्हणायचा, त्यानं आठ दिवस दिले.

प्योबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. खोकंभर बाटल्या घेऊन तीन मजले चढून आल्या होत्या. मला वाटलं आता ही बाई बोलणार, आणि बोलली असती तर तिचा हक्कच होता. पण खुर्चीवर बसून त्यांनी घाम पुसला आणि हळूच म्हणाल्या, "ताई, मी भांडायला आले नाही. एवढंच सांगा, आमचं तेल त्या मशीनला दिसत का नाही?"

युन-सिल, पंचावन्न वर्षं ह्या गल्लीत काढली, सोळाव्या वर्षी छपाईच्या फिल्म चिकटवायला लागले, पन्नाशीत संगणक शिकले तोही एकटीनं, एकेक बटण दाबून काय होतं ते वहीत लिहून. आणि एवढं सगळं असून ह्या काळ्या पट्ट्या मला कधी कळल्याच नाहीत. त्या तुझ्या होत्या. बारकोडाचं काम आलं की मी न बघता तुझ्या टेबलावर सरकवायची.

मग मी तू करायचीस तसं करायला बसले. आधी शाई. तू एकदा सांगितलं होतंस की काळा रंग चार शाया मिसळून केलेला असला आणि एखादी प्लेट केसभर हलली, तर पट्टीच्या कडा फिसकटतात आणि मशीन गोंधळतं. भिंग लावून बघितलं. नुसती काळी शाई, कडा सुरीनं कापल्यासारख्या. मग माप. पीडीएफ छापताना कुणी 'पानात बसवा' असं करून ठेवलं तर सगळं थोडंथोडं आक्रसतं, डोळ्यांना कळत नाही पण पट्ट्यांना कळतं. पोलादी पट्टी लावली, माप बरोबर. मग वाटलं, बाटलीच गोल आहे, लेबल वळतं म्हणून असेल. पण मग सगळ्याच बाटल्या मुक्या व्हायला हव्या होत्या, निम्म्याच का. इथे माझी गाडी अडली ती अडलीच. दोन दिवस मी ती फाइल संगणकावर उघडून बघत होते, मोठी करून, लहान करून. पडद्यावर ते लेबल इतकं निर्मळ दिसायचं की मला त्याचाच राग यायला लागला.

स्कॅनर आपल्याकडे नाही, म्हणून खाली कोपऱ्यावरच्या यॉमच्या दुकानात जायचे. आठवतो ना, नूडल्सच्या कपात गरम पाणी ओतून देतानाही ज्याला विनोद सुचतो. पहिल्या दिवशी मी सहा बाटल्या घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी दहा. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, थांबा जरा, मावशींची तेलाची शाळा सुटू दे. तिसऱ्या दिवशी मला विचारतो, एवढी हजेरी घेताय, नापास झालेल्यांना माझ्याकडे ठेवणार का, माझ्या बायकोला तेल हवंच आहे. मी हसले नाही. मला रडू येईल असं वाटत होतं, आणि यॉमला ते कळलं असावं, कारण त्यानं गपचूप स्कॅनर माझ्या हातात दिला आणि स्वतः उगाच दूध मोजायला मागे गेला.

कापलेल्या लेबलांचा नाद सोडून न कापलेला मोठा कागद बघावा, हे मला चौथ्या दिवशी सुचलं. प्रत्येक कामाचा एक पूर्ण कागद आपण राखून ठेवतो, तो काढला. तुला माहीतच आहे, लहान लेबलं आपण कागद वाचावा म्हणून उलटसुलट लावतो, एक ओळ सरळ, तिच्याखालची डोक्यावर उभी, मधे फट नाही, एकाच कापात दोघींची कड. तो कागद मी यॉमच्या दुकानात नेला आणि गल्ल्यावर अंथरला. गल्ला पुरेना, म्हणून रांगेतल्या एका बाईनं दुसरं टोक धरलं. पहिल्या ओळीवर स्कॅनर फिरवला, एकही लेबल बोललं नाही. दुसऱ्या ओळीवर फिरवला, सगळी बोलली. तिसरी मुकी. चौथी बोलकी. टोक धरलेली बाई म्हणाली, ही काय जादू आहे हो. जादू नव्हती. सरळ उभी लेबलं मुकी होती आणि डोक्यावर उभी असलेली बोलत होती. लेबल एकच, फाइल एकच, मग सरळ आणि उलटं ह्यात फरक कसला?

वर आले, आणि लेबलाची फाइल न उघडता छापायला गेलेली पूर्ण कागदाची पीडीएफ उघडली. हेच आधी करायला हवं होतं. कोपऱ्यातल्या कापायच्या खुणा, रंग जुळवायच्या फुल्या, कडेच्या रंगांच्या चौकटी, हे सगळं लेबलाच्या फाइलीत नसतंच. ते शेवटी, कागदाची पीडीएफ बनते तेव्हा वरून येऊन बसतं. मी एक सरळ लेबल इतकं मोठं केलं की पडदाभर नुसता बारकोड राहिला. आणि तिथे, शेवटच्या पट्टीपासून एका मिलिमीटरवर, एक बारीक उभी रेघ होती, खाली एक ठिपका.

ती रेघ कुणाची ते तुला सांगायला नको. माझी. फिल्मच्या काळात दहा दुकानांच्या प्लेटा एकाच छापखान्यात जायच्या, कुणाचं कुठलं आणि खालची बाजू कुठली हे कापणाऱ्याला कळावं म्हणून प्रत्येकजण आपापली खूण करायचा. कुणी चांदणी काढायचं, कुणी बेडूक. मी रेघ नि ठिपका. संगणक आला तेव्हा मी पहिल्यांदा काय शिकले असेन, तर ती रेघ कागदाच्या साच्यात घालून ठेवायला. लेबलाच्या प्रत्येक घराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आपोआप येते. पूर्वी घरांमधे फट असायची, रेघ कापून जायची. आता फट नाही, म्हणून ती लेबलाच्या आत बसते, आणि मला ते कधी खुपलं नाही, जसा आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही. उलट्या ओळीतल्या लेबलांवर ती वरच्या तपकिरी रंगात बुडून जायची. सरळ लेबलांवर ती थेट बारकोडाच्या शेजारी. मशीन बिचारं तिलाही एक पट्टी समजत होतं, आणि असा नंबर जगात नाही म्हणून गप्प बसत होतं.

मला सुटका वाटायला हवी होती. सापडलं ना एकदाचं. पण असं निम्मं मुकं, निम्मं बोलकं मी आधी एकदा बघितलं होतं. चहाच्या पुड्यांची वेष्टणं. दोन वर्षांपूर्वीची, दक्षिणेकडच्या त्या मळेवाल्याची.

त्या कामाचं जुनं खातं मी संगणकात शोधलं. त्यात कागदाच्या दोन पीडीएफ होत्या. एक माझ्या नावची, जी छापायला गेली. दुसरी तुझ्या नावची, माझ्यापेक्षा एक दिवस आधीची. तुझी उघडली. सगळ्या खुणा जागच्या जागी, फक्त माझी रेघ नाही. आणि वरच्या कोपऱ्यात एक लहानसा पिवळा चौकोन. तो चौकोन मी तेव्हाही बघितला होता, युन-सिल. मला वाटलं होतं फाइलीत काहीतरी घाण राहिलीय. एवढंच दिसलं होतं की माझी रेघ गायब आहे, आणि मला झोंबलं होतं. म्हणून तुला न विचारता मी साचा पुन्हा लावून नवी पीडीएफ केली आणि खाली छापखान्यात धाडली. ह्या वेळी चुकून त्या पिवळ्या चौकोनावर दोनदा बटण दाबलं गेलं, तर तो उघडला. आत अक्षरं होती. तुझी. ती मी इथे उतरवते, कारण तू लिहिलंस ते मी वाचलंय हे तुला कळायला हवं.

"मावशी, ह्या कामापुरती तुमची रेघ काढली आहे. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते, नाहीतर मशीनला त्या कुठे संपल्या कळत नाही. रागावू नका. उद्या जेवताना समजावते."

त्या उद्या मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, जेवायला नव्हतेच. आणि दहा दिवसांनी वेष्टणं परत आली तेव्हा मी काय केलं ते आपल्या जिन्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. छापखान्यातली माणसं वर आली होती, कागद कापणारे बांगभाऊ दारात उभे होते, आणि मी तुला म्हणाले की संध्याकाळच्या वर्गात चार गोष्टी शिकून आलीस म्हणजे कारागीर झालीस का, बारकोड तुझं काम, बुडाला तोही तुझ्यामुळे. तू एक परत आलेलं वेष्टण उचललंस, उजेडाकडे धरलंस, मग माझ्याकडे बघितलंस. आणि घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलंस. मी म्हटलं, बघा, तोंडातून शब्द नाही, म्हणजे चूक कळलीय. कळलीच होती तुला, कुणाची ते. चारचौघांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून तू आपली खाली घातलीस, आणि पुढच्या महिन्यात आईच्या कंबरेचं कारण सांगून गेलीस. मी ते कारण खरं मानलं. मला ते खरं मानणं सोयीचं होतं.

मग मी तुझी बाकीची खाती उघडली. नऊ वर्षांतली बारकोडाची लहान कामं, अकरा. अकराही ठिकाणी तू माझी रेघ हळूच सरकवली होतीस नाहीतर काढली होतीस. दहांमधे मला पत्ताच लागला नाही, एकात लागला. आणि मी सगळीकडे सांगत फिरायची की माझ्या दुकानातून आजवर लेबल परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला गेले ती आपल्या नेहमीच्या खानावळीत, बांगभाऊंच्या टेबलावर. आंबवलेल्या सोयाबीनची द्वेंजांग आमटी आणि भाजलेला बांगडा होता. मी त्यांना सगळं सांगितलं, ताटात बघत. ते बांगड्याचे काटे काढत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी तिला बोललात तेव्हा तीन मजले ऐकू गेलं होतं. आता मागच्या टेबलालाही गेलं नाही." मागच्या टेबलावर छापखान्यातली सगळी बसली होती. मग मी उठले, गुडघा धरून, आणि सगळं पुन्हा सांगितलं, तुझं नाव घेऊन, माझं नाव घेऊन, तीन मजले जाईल अशा आवाजात. वाढणारी बाई पळी घेऊन तशीच थांबली. खाली बसले तेव्हा बांगभाऊंनी काटे काढलेला तुकडा माझ्या भातावर ठेवला.

आणि पुढचं ऐक. मी म्हटलं, रेघ काढली तर तुम्हाला खालची बाजू कशी कळणार, दुसरी काही खूण करू का. ते गडी जरा चुळबुळले. म्हणाले, ताई, आता निघालंच आहे तर सांगतो, ती रेघ मी दहा-बारा वर्षांत बघितलेली नाही, एवढं बारीक मला दिसतच नाही, मी चित्र बघून कापतो. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत. म्हणाले, तुम्ही एवढ्या मायेनं काढता, म्हटलं असू दे. युन-सिल, ज्या रेघेपायी मी तुला घालवलं, तिच्याकडे जगात कुणी बघतच नव्हतं. एक ते मशीन सोडून.

रेघ मी साच्यातून कायमची काढली. हाताला एकदा थांबल्यासारखं झालं, पण काढली. सणाच्या तोंडावर छापखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती, पण खानावळीतल्या त्या भाषणानंतर त्यांनी माझा कागद मधे घुसवला. बांगभाऊंनी जेवणाच्या सुटीत कापून दिलं. मी पुन्हा एक पूर्ण कागद यॉमकडे नेला, ह्या वेळी ओळीनं सगळी बोलली. यॉम म्हणाला, अख्खा वर्ग पास, आता मिठाई कोण देणार. त्याला मी बाटली दिली.

आठातले सहा दिवस गेले होते. बाटल्यांवरची जुनी लेबलं निघायला तयार नव्हती, तेव्हा मी लेबलांचा गठ्ठा घेऊन स्वतःच ग्वेसानच्या बसमधे बसले. त्या चौदाजणी, आणि पंधरावी मी, टबात कोमट पाणी घेऊन दिवसभर बाटल्या भिजवत, खरवडत, पुसत होतो. काय बायका आहेत गं. एकजण सुनेची नक्कल करत होती, दुसरी तिलाच टोमणे मारत होती की सून तुझ्यापेक्षा बरी. मला विचारलं, ताई तुमचं लेबल इतकं घट्ट चिकटतं, नवऱ्याला लावू का एक. माझी बोटं सुरकुतली, पाठ धरली, आणि कित्येक महिन्यांत मी एवढी हसले नव्हते.

संध्याकाळची बस पकडायला स्टँडवर आले. मागे गिरणी होती. शटर अर्धं वर होतं, आत तू पिशव्यांचं वजन करत होतीस, नाकातोंडाला रुमाल. काट्यावरचा आकडा बघताना तू अजून मान डावीकडे करतेस. मी पंधरा पावलांवर उभी होते. काय बोलायचं ते बसमधे चारदा घोकलं होतं. एक शब्द आठवला नाही. बस लागली आणि मी चढले. ह्याबद्दल तू मला भित्री म्हणालीस तर मी मान्य करीन. सगळ्या खानावळीसमोर ओरडून सांगता आलं, तुझ्या एकटीसमोर नाही.

आठव्या दिवशी दुपारी प्योबाईंचा फोन आला. गोदामातूनच. हॅलो नाही, काही नाही. नुसतं म्हणाल्या, "ताई, ऐका," आणि फोन कुठेतरी धरला. पलीकडून आवाज येत राहिला, टुक, टुक, टुक, एकामागून एक, मधे खंड नाही. मी खुर्चीवर बसून ऐकत राहिले. चुसॉकच्या चार दिवस आधी त्यांच्या पेट्या फळीवर लागल्या, आणि एक पेटी माझ्या दारातही आली, वर चौदा जणींच्या सह्या. साऱ्या सणात मी भातावर त्या तेलाचे दोन थेंब घालून खाल्ले, आणि घास घेताना दर वेळी तू समोर.

आता हे पत्र का, ते सांगते. त्या बायकांना पुढे तिळाची पूड, मिरचीचं तेल असं बरंच काही करायचं आहे, आणि ह्या धड्यानंतर त्यांनी ठरवलंय की लेबल बघणारं माणूस आपलं, गावातलं हवं. गोदामाशेजारची खिडकीची खोली त्यांनी रिकामी केली, संगणक आणला, आणि मला म्हणाल्या, या. मी म्हटलं, मी एकाहत्तरची, आणि शिवाय चूक केली ती मी. जिनं ती नऊ वर्षं सावरली, ती तुमच्या बसस्टँडमागे मिरच्या दळतेय. मग सगळं सांगितलं, पिवळ्या चौकोनासकट, काही न लपवता. म्हणजे जॉम-रेकडून का सुटलीस असं त्या विचारणार नाहीत, त्याचं उत्तर मी देऊन ठेवलंय. ह्या गुरुवारी चारच्या सुमाराला त्या गिरणीत येतील, तुला विचारायला. दोघी-तिघीच जा म्हटलं तर ऐकेनात, चौदाही येणार आहेत. हे पत्र त्यांच्या आधी पोचावं म्हणून आज मी स्वतः टपालात टाकतेय. माझ्यावरचा राग माझ्यासाठी बाजूला काढून ठेव, तो घ्यायला मी पुढच्या रविवारी सकाळच्या बसनं येते, आणि ह्या वेळी शटरच्या आत येईन. त्यांना मात्र माझ्यापायी नाही म्हणू नकोस. त्या बोलायला लागल्या की सगळ्या एकदम बोलतात, घाबरू नकोस, आधी चहा टाक. गिरणीत चौदा कप नसतील, तर शेजारून आणून ठेव.

तुझीच, आणि तुझी चुकलेली,
जॉम-रे मावशी